पाझर तलावाच्या दुरुस्तीसाठी शासकीय निधी: अर्जापूर्वी गावाने करावयाची तयारी

अवर्षणप्रवण तालुक्यांतील बहुतेक गावांच्या शिवारात एखादा तरी जुना पाझर तलाव आढळतो. त्यांपैकी कित्येक तलाव १९७२ च्या दुष्काळात, गावोगावच्या माणसांनी दुष्काळी कामांवर घमेली वाहून उभे केलेले आहेत. अर्धशतकाच्या काळात त्यांत गाळ साचला, बांधावर बाभळी माजल्या, सांडव्याच्या भिंती खचल्या, आणि जो तलाव एके काळी चैत्रापर्यंत खालच्या विहिरींना पाझर देत असे तो आता पौषातच कोरडा पडू लागला. अशा तलावाचा गाळ काढणे व तो दुरुस्त करणे हे काम एकट्या गावाच्या ऐपतीबाहेरचे असते. त्यासाठी शासकीय निधी मागणे क्रमप्राप्तच ठरते.

अर्ज लिहिण्यास अर्धा तास पुरतो. परंतु मंजूर होण्याजोगा अर्ज तयार होण्यास गावाला बहुधा एक संपूर्ण हंगाम खर्ची घालावा लागतो, आणि ह्या गोष्टीची जाणीव नसल्यामुळे अनेक गावांचे प्रस्ताव कार्यालयात जाऊन परत येतात. परत आलेल्या कागदावरील शेरे नेहमीच्या ओळखीचे असतात. कामाचे नेमके स्थान ठरावात नमूद नाही. तलाव ज्या विभागाच्या मालकीचा आहे त्याचे ना-हरकत पत्र जोडलेले नाही. जागेबाबत हरकत आहे. देखभालीची जबाबदारी कोणाची ते स्पष्ट नाही. हे शेरे वाचून गावात असा समज होतो की कार्यालयास काम करावयाचेच नाही. क्वचित् तसेही असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक वेळी त्या शेऱ्यांतून एवढेच दिसून येते की, जे प्रश्न गावाने आपसांत बसून सोडवावयास हवे होते ते न सोडवताच कागद पुढे पाठविला गेला. गावातील जमिनीचा व पाण्याचा तंटा तहसील कचेरीतील टेबलावर मिटत नाही.

तलाव कोणाचा?

पहिली चौकशी मालकीची करावी. सर्वसाधारणपणे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले लहान तलाव व बंधारे जिल्हा परिषदेकडे असतात. त्याहून मोठे लघुसिंचन तलाव राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जलसंपदा विभागाकडे असतात. गावतळे मात्र पुष्कळदा ग्रामपंचायतीचेच असते. गावकरी सवयीने कृषी विभागाच्या किंवा पंचायत समितीच्या दारात जातात, तेथून त्यांना दुसरीकडे धाडले जाते, आणि ह्या फेऱ्यांत उन्हाळा संपतो. तलाठ्याकडून तलावाखालील गट क्रमांकांचे सातबारा उतारे काढले आणि जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे उपविभागात तलावाची नोंद पाहिली, तर कोणते दार ठोठवावयाचे ते एका आठवड्यात समजते. त्याच वेळी तलावाचा मूळ नकाशा व मूळ साठवणक्षमता ह्यांची प्रत मागून घ्यावी. मूळ क्षमता माहीत नसेल तर किती गाळ साचला हे सांगणे केवळ अदमासाचे होते.

निधी कोणत्या मार्गाने येऊ शकतो?

गाळ काढण्याच्या कामासाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना होय. ती प्रथम २०१७ मध्ये आली. त्या वेळी यंत्रसामग्री व इंधनाचा भार शासन आणि सेवाभावी संस्था ह्यांनी उचलावा व गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावा, अशी वाटणी होती. लहान शेतकऱ्यास हा वाहतुकीचा खर्च पेलत नसे. म्हणून २०२३ मध्ये योजना पुन्हा सुरू करताना तीत दुरुस्ती करण्यात आली. २०२३ च्या शासन निर्णयात यंत्रसामग्री व इंधन मिळून घनमीटरला ३१ रुपये, आणि अत्यल्पभूधारक, अल्पभूधारक, विधवा, अपंग व आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना शेतात गाळ पसरविण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी ४०० घनमीटर व जास्तीत जास्त अडीच एकरांच्या मर्यादेत, असे दर ठरविले गेले. दर शासन वेळोवेळी बदलते. अर्ज करावयाच्या वेळी लागू असलेला निर्णय पाहूनच आकडे घालावेत. ह्या योजनेत वाळू उपसण्यास सक्त मनाई आहे, आणि ती अट कागदापुरती समजू नये.

सांडव्याची भिंत, दगडी अस्तर, गळती ह्यांसारख्या दुरुस्तीच्या कामांना वेगळा मार्ग शोधावा लागतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात अशा दुरुस्त्यांना वाव दिलेला आहे, मात्र गावाची त्यात निवड झालेली असावी लागते. जिल्हा नियोजन समितीमार्फत मंजूर होणारी जिल्हा वार्षिक योजना हा दुसरा मार्ग होय. खासदारांचा स्थानिक विकास निधी १९९३ पासून आहे. त्यातून सार्वजनिक उपयोगाची टिकाऊ कामे घेता येतात, परंतु मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते व शिफारस मिळाली म्हणजे काम मंजूर झाले असे नव्हे. वित्त आयोगाच्या अनुदानाबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पाच वर्षांसाठी असलेल्या पंधराव्या आयोगाच्या अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता ह्या विषयांस बांधलेला होता आणि त्यात पर्जन्यजल साठवणुकीचा समावेश होता, तरी कित्येक ग्रामपंचायतींनी तो भाग गटारे व जलवाहिन्या ह्यांवरच संपविला. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा कालखंड आहे. त्याच्या अटी पंचायत समितीत विचारून घ्याव्यात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा पेसाचा पाच टक्के अबंध निधी त्यांच्या स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येतो, ही सवलत इतर गावांना नाही. मजुरीप्रधान कामांचा मार्ग निराळा असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

एकाच कामास दोन ठिकाणांहून पैसा मागू नये. काम दोन भागांत विभागून, गाळ एका योजनेतून व सांडवा दुसऱ्या योजनेतून घेण्यास हरकत नसते. मात्र तसे दोन्ही प्रस्तावांत स्पष्ट लिहावे.

पाण्याचा ताळेबंद

कोणतीही मागणी करण्यापूर्वी तलावातून खरोखर किती पाणी मिळणार ह्याचा हिशेब गावाने स्वतः मांडून पाहावा. हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर पाणी पडले. समजा, तलावाचे पाणलोट क्षेत्र २५० हेक्टर असून वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर आहे. तर एकूण साडेबारा लक्ष घनमीटर पाणी त्या क्षेत्रावर पडते. त्यातील बरेचसे जमिनीत मुरते, पिके व गवत पितात, उन्हाने उडून जाते. वाहून तलावापर्यंत येणारा भाग जमिनीच्या प्रकारावर व उतारावर अवलंबून असतो. तो एकदशांश धरला तर सव्वा लक्ष घनमीटर होतो. वरच्या बाजूस नवे सिमेंट बंधारे झाले असतील तर त्यांनी अडविलेले पाणी ह्यातून वजा केले पाहिजे. वरच्या गावाने अलीकडे चार बंधारे बांधले असताना खालच्या गावाने आपल्या तलावाची उंची वाढविण्याची मागणी करणे व्यर्थ होय. येणारे पाणीच कमी झालेले असते.

आता तलावाची मूळ क्षमता ९० हजार घनमीटर होती आणि त्यात २० हजार घनमीटर गाळ साचला आहे असे धरू. गाळ काढल्यावर परत मिळणारी साठवण तेवढीच, म्हणजे २० हजार घनमीटर. गव्हाला पाटाने पाच ते सहा पाळ्या दिल्या तर हेक्टरी सुमारे ४,००० घनमीटर पाणी लागते. म्हणजे ह्या वाढीव साठ्यावर पाच हेक्टर गहू निघेल. उसाला वर्षभरात दोन ते अडीच मीटर पाणी लागते; त्या हिशेबाने हे सर्व पाणी एक हेक्टर उसाला जेमतेम पुरेल, कदाचित पुरणारही नाही. उलटपक्षी, दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले तर जानेवारी ते मे ह्या पाच महिन्यांसाठी सव्वाबारा ते साडेबारा हजार घनमीटर लागते. एका शेतकऱ्याचा अडीच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचे उन्हाळ्यातील पिण्याचे पाणी ह्यांचे माप असे आहे.

गाळाचा थर तलावाच्या तळाशी झाकणासारखा बसलेला असतो व त्यामुळे पाणी मुरण्याचे थांबते. तो निघाला म्हणजे पाणी लवकर मुरते, तलावात पुढील पावसासाठी जागा होते आणि एका पावसाळ्यात तलाव एकाहून अधिक वेळा भरू शकतो. तेव्हा प्रत्यक्ष लाभ वरील आकड्यापेक्षा काही अधिक होईल. तरीसुद्धा ‘गाळ काढल्यास शंभर हेक्टर क्षेत्र ओलिताखाली येईल’ अशी वाक्ये प्रस्तावात घालू नयेत. पाहणीस येणारा अभियंता हाच हिशेब करतो, आणि एक आकडा फुगविलेला दिसला की बाकीच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

जमीन, गाळ आणि पाणी ह्यांचे वाटप

प्रस्तावातील खरी अडचण येथे आहे, आणि नेमकी हीच बाजू गावे झाकून ठेवतात.

तलाव कोरडा पडू लागला की त्याच्या पोटातील ओल धरलेल्या जमिनीवर कोणीतरी गाळपेर करू लागतो. पुष्कळ ठिकाणी ही गाळपेर करणारी कुटुंबे अशी असतात की ज्यांची मूळ जमीन तलावात गेली, किंवा ज्यांना अन्यत्र जमीनच नाही. गाळ काढून तलाव खोल केला म्हणजे त्यांचे हरभऱ्याचे किंवा टरबुजाचे पीक जाते, आणि लाभ मात्र तलावाखाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना होतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा हक्क बहुधा टिकत नाही. परंतु काम सुरू होण्याच्या दिवशी यंत्रापुढे आडवे येणारे तेच असतात, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे. ज्या गावांनी अशा कुटुंबांना आधीच बोलावून गाळ प्रथम त्यांच्या उरलेल्या शेतात टाकण्याचे कबूल केले, किंवा तलावातील मासेमारीचा ठेका त्यांच्या गटास देण्याची शिफारस केली, तेथे काम निर्वेध पार पडण्याची शक्यता जास्त असते. मात्र जे देता येणार नाही त्याचे आश्वासन देऊ नये.

सांडव्याची उंची वाढवावयाची असेल तर नवीन जमीन पाण्याखाली येते. अशा जमिनीच्या मालकाची केवळ तोंडी संमती कामाची नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा संबंधित विभागाने मान्य केलेल्या नमुन्यातील संमतीपत्र लागते, आणि सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या सर्वांच्या सह्या लागतात. मुंबईस नोकरीस असलेल्या भावाची व सासरी गेलेल्या बहिणीचीसुद्धा. एक सही राहिली म्हणून वर्षभर काम रखडणे ही नवलाची गोष्ट नाही. ह्या कारणासाठी शक्य तेथे उंची न वाढविता केवळ गाळ काढण्याची व मूळ स्थितीत दुरुस्ती करण्याची मागणी करणेच शहाणपणाचे ठरते.

काढलेल्या गाळाचे वाटपही आधी ठरवावे. एकरी ४०० घनमीटर गाळ पसरला असता सुमारे दहा सेंटीमीटरचा थर बसतो. वीस हजार घनमीटर गाळ म्हणजे पन्नास एकरांचा गाळ. गावात मागणी दोनशे एकरांची असते. यादी अगोदर केली नाही तर ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि ज्याचे शेत तलावालगत आहे तो पहिल्या आठवड्यातच तीस एकर भरून घेतो, आणि हलक्या मुरमाड जमिनीचा धनी, ज्याला गाळाची खरी गरज आहे, तो पाहत राहतो. म्हणून हलक्या जमिनी, लहान खातेदार आणि एका खात्यास कमाल मर्यादा असा क्रम ग्रामसभेत वाचून दाखवावा व यादी चावडीवर लावावी. गाळाचा नमुना आधी माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घेणे अगत्याचे आहे. क्षार किंवा चुनखडी जास्त असलेला गाळ चांगल्या जमिनीत टाकल्यास जमीन सुधारण्याऐवजी बिघडते. भारी काळ्या जमिनीत गाळ टाकण्याचे तर मुळीच प्रयोजन नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. तलाव सार्वजनिक पैशाने दुरुस्त होतो, पण मुरलेले पाणी ज्याच्या विहिरीत उतरते त्याचे ते खाजगी होऊन जाते. ज्याला विहीर नाही त्याने श्रमदान कशासाठी करावे, ह्या प्रश्नास उत्तर दिल्याखेरीज गावाची एकजूट टिकत नाही. ह्या बाबतीत पुरंदर तालुक्यातील नायगावचे उदाहरण आजही अभ्यासण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी तेथे १९७४ मध्ये देवस्थानाची १६ हेक्टर ओसाड जमीन कराराने घेऊन पाणी अडविण्याचे प्रयोग केले, आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना पुढे आली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, माणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर. ऊस लावावयाचा नाही. भूमिहीनासही पाण्यात वाटा. असे तिचे नियम होते. तिच्या उपसा योजनांत निम्मा खर्च शासकीय अनुदानातून, पाचवा हिस्सा लाभधारकांकडून आणि उरलेला बिनव्याजी कर्जातून असा साधारण विभाग होता. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, अनुदान येण्यापूर्वी नियम ठरले होते. पाणी आल्यानंतर नियम करावयास बसले तर ज्याच्या विहिरीस पाणी लागले आहे तो सभेस येत नाही.

नगर तालुक्यातील हिवरेबाजारने आदर्शगाव योजनेत भाग घेताना शेतीसाठी कूपनलिका न खोदण्याचा निर्बंध स्वीकारला, आणि पुढे दरवर्षी पाऊस मोजून त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत पाडली. प्रत्येक गावास एवढे जमेलच असे नाही. परंतु निदान दोन गोष्टी तरी ठरविता येतील: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती किती अंतरात नवी विहीर वा कूपनलिका घेऊ नये, आणि कोणत्या तारखेनंतर तलावात मोटार टाकून थेट उपसा करू नये.

ग्रामसभा आणि ठराव

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे ग्रामसभेस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, ह्यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली म्हणजे तीस गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे पहिली सभा तहकूब व दुसरी दहा जणांची, अशी रीत काही गावांत रूढ झाली आहे. ती कायद्यात बसते. परंतु पाणी व जमीन ह्यांविषयीचा ठराव अशा सभेत करणे म्हणजे पुढील हरकतींना आमंत्रण देणे होय. महिला सभाही कागदोपत्री उरकू नये. उन्हाळ्यात कोणत्या वस्तीला किती अंतरावरून पाणी आणावे लागते ह्याची माहिती घरातील स्त्रियांइतकी कोणासच नसते, आणि प्रस्तावातील गरजेचे कलम त्या माहितीवर उभे राहते.

ठरावाची भाषा ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. नेहमी लिहिला जाणारा ठराव असा असतो: ‘गावातील तलावाचा गाळ काढण्यास व दुरुस्ती करण्यास शासनाने निधी द्यावा असे सर्वानुमते ठरले.’ ह्या ठरावाने काहीच ठरत नाही. त्याऐवजी पुढील धर्तीचा मजकूर असावा:

‘गट क्रमांक अमुक येथील पाझर तलावातील सुमारे २०,००० घनमीटर गाळ काढणे व सांडव्याच्या उजव्या बाजूची खचलेली भिंत दुरुस्त करणे, ही दोन कामे गाव विकास आराखड्यात प्रथम प्राधान्याने घेण्यात यावीत. तलावाची उंची वाढविण्यात येणार नाही. गाळपेर करणाऱ्या सोबतच्या यादीतील कुटुंबांशी चर्चा झाली असून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदविले आहे. गाळाचे वाटप सोबतच्या यादीच्या क्रमाने होईल. दरवर्षी १५ फेब्रुवारीनंतर तलावातून थेट उपसा केला जाणार नाही. तलावाच्या वार्षिक देखभालीसाठी ग्रामनिधीतून स्वतंत्र तरतूद करण्यात येईल व पुढील पाच जणांची देखरेख समिती त्यास जबाबदार राहील.’

सूचक व अनुमोदक ह्यांची नावे, उपस्थितांची संख्या आणि विरोधी मत असल्यास तेही लिहावे. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरा असेल तेव्हाच वापरावा; बारा जणांचा विरोध नोंदलेला ठराव खोट्या एकमतापेक्षा अधिक भक्कम असतो, कारण पुढे तक्रार आली तर तिचे उत्तर इतिवृत्तातच सापडते.

काम गाव विकास आराखड्यात असल्याखेरीज बहुतेक योजनांतून पैसा मिळत नाही. हा आराखडा पुढील आर्थिक वर्षासाठी आदल्या हिवाळ्यात तयार होतो आणि त्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तेव्हा ज्या गावास येत्या उन्हाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात गाळ काढावयाचा आहे त्याने तलाव कोरडा असतानाच, म्हणजे ह्याच मे महिन्यात, पातळ्यांची मोजणी करून ठेवावी. तळात पाणी उभे असताना गाळाची जाडी कशी मोजणार?

मान्यता आणि पैसा

ठरावानंतर मालकी विभागाचा अभियंता पाहणी करून लागू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनवितो. अंदाजपत्रक गावाने खाजगीरीत्या करवून आणले तर ते सहसा पुन्हा करावे लागते. प्रशासकीय मान्यता म्हणजे सक्षम अधिकाऱ्याने हे काम एवढ्या खर्चाच्या मर्यादेत घेण्यास दिलेली संमती. तांत्रिक मान्यता म्हणजे कामाची आखणी व अंदाजपत्रक बरोबर असल्याचा अभियंत्याचा दाखला. दोन्ही मिळाल्या तरी निधी वितरित झाला असे होत नाही, आणि कार्यारंभ आदेश हाती पडल्यावाचून एक घमेलेही उचलू नये. उत्साहाच्या भरात आधी काम करून मागाहून पैसे मागितले असता ते जवळजवळ कधीच मिळत नाहीत.

अर्ज देताना त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांक घ्यावा. त्रुटी तोंडी सांगितल्या गेल्या तर त्या लेखी मागाव्यात. लेखी त्रुटी एकदा पूर्ण केली की तीच पुन्हा काढणे कोणासही अवघड जाते. माहिती अधिकार कायदा २००५ प्रमाणे आपल्या प्रस्तावाची नस्ती पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. पण पहिल्याच महिन्यात त्याचा वापर करण्यापेक्षा तालुक्याच्या आठवडी बाजारादिवशी जाऊन नम्रपणे विचारणा करणे जास्त लवकर फळास येते.

काम चालू असताना

गाळाचे मोजमाप हा वादाचा विषय होतो. ट्रॉल्या मोजून काढलेला आकडा आणि तलावाच्या छेदांवरून काढलेला आकडा ह्यांत फरक पडतोच, कारण उकरलेला गाळ मोकळा होऊन फुगतो. देयक कोणत्या मापावर निघणार हे सुरुवातीस लेखी विचारून घ्यावे, आणि खोदाईपूर्वीच्या पातळ्या मोजमाप पुस्तिकेत नोंदवून देखरेख समितीच्या दोघांनी तेथे हजर राहावे. जूनचा पहिला पाऊस पडून तळ बुडाला की नंतर कोणतेही माप सिद्ध करता येत नाही.

गाळाखालचा मूळ मुरूम दिसू लागला की खोदाई थांबवावी. आणखी खोल गेल्याने साठा वाढल्यासारखा दिसतो, परंतु त्या खोल खड्ड्यात पाणी डबक्यासारखे साचून राहते आणि बांधाच्या स्थैर्यास धोका पोहोचतो. बांधाच्या पायथ्यालगत अभियंत्याने आखून दिलेली पट्टी सोडून द्यावी. यंत्रचालकास तेथील गाळ उचलणे सोपे पडते म्हणून तो नेमका तेथेच जातो. घनमीटरवर पैसे मिळणाऱ्या कामात यंत्र रात्री चालले तर एखाद्या गावकऱ्याने तेथे जागे राहणे इष्ट.

देखभालीची तरतूद

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाविषयी महालेखापालांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. आराखड्यातील गरजेएवढी साठवण अनेक गावांत न झाल्याचे आणि झालेल्या कामांची देखभाल न राहिल्याचे त्यात दाखवून दिलेले आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची स्थिती गावोगाव सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे: बांधकाम शाबूत, पण बरगे चोरीस गेलेले, आणि पावसाळा ओसरताना ते वेळेवर घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे कोणासच ठाऊक नाही. म्हणून निधी देणारे अधिकारी देखभालीच्या कलमाकडे पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहू लागले, तर ते योग्यच म्हटले पाहिजे.

पाझर तलावाची देखभाल खर्चाची नाही, आठवणीची आहे. मे महिन्यात बांधावरील झुडपे मुळासकट काढावीत, कारण वाळलेल्या मुळांच्या पोकळीतून गळती सुरू होते. उंदीर व खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठोकून बुजवावीत. सांडव्यातील गवत व अडकलेला काडीकचरा मृगापूर्वी साफ करावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर समितीच्या कोणीतरी बांधाच्या मागील बाजूने चालून जावे; पायथ्याशी स्वच्छ पाण्याचा झिरपा दिसला तर चिंता नको, परंतु गढूळ पाणी येत असेल तर बांधातील माती वाहत आहे असे समजून त्याच दिवशी उपविभागास कळवावे. वरच्या पाणलोटात ताली फुटलेल्या असतील तर तेथील माती दोन-तीन पावसाळ्यांतच पुन्हा तलावात येऊन बसते, यास्तव त्या शेतांच्या बांधबंदिस्तीचा वेगळा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे त्याच वर्षी द्यावा.

पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर त्याची, अंतिम मोजमापाची व उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवून तलावाची दुरुस्ती मालमत्ता नोंदवहीत घ्यावी. सरपंच व कर्मचारी बदलतात. दहा वर्षांनी पुन्हा गाळ काढावयाची वेळ येईल, तेव्हा ह्याच पातळ्या व हेच छेद हाताशी असले म्हणजे नव्या प्रस्तावाचे निम्मे काम झालेले असेल.